दोन की चार?

ताई,

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी ३६ वर्षांची, नवरा ३९, मुलगी पाचवीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. मी बीकॉम, ११ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. तो बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स, १६ वर्षं प्रोग्रामिंग, त्यातली शेवटची चार टीम लीड म्हणून. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं त्याची अख्खी टीम कमी केली. मग जिथे अर्ज करावा तिथे फॉर्मवरच 'बीई किंवा एमसीए' विचारायचे आणि गाडी तिथेच अडायची. शेवटी ठरवलं, दोघंही एमसीए करू. बारावीला गणित होतं म्हणून मलाही प्रवेश मिळाला. मी नोकरी सोडली, तो रात्री कंत्राटाची कामं करतो. जुलैपासून आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर बसतो.

तो रोज चिडून घरी येतो. लॅबमध्ये अजून टर्बो सी, म्हणजे सी भाषेचे प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, तोच निळा पडदा. परीक्षेत प्रोग्राम कागदावर लिहायचे. सर अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते नेमलेले, आहेत, वय २९. त्यांना यानं भर वर्गात तीनदा दुरुस्त केलं. ऑक्टोबरच्या चाचणीत 'इंट किती बाइटचा?' असा प्रश्न होता, म्हणजे सी भाषेत पूर्णांक ठेवायला मेमरीत किती जागा लागते. यानं चार लिहिलं, सरांनी मार्क कापला. मी नोट्समध्ये होतं तसं दोन लिहिलं. मला ३० पैकी २४, त्याला १७. संध्याकाळी म्हणाला, "तू चूक उत्तर लिहून मार्क मिळवलेस." दोन दिवस बोलणं नाही. घरकामाची आम्ही गूगल शीट केली आहे, प्रत्येक कामाला पॉइंट. तेवढी दोघं इमानदारीनं भरत होतो.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, त्यातही मी पुढे. तेव्हापासून तो म्हणतोय, सोडू या. यूट्यूबवर फुकट मिळतं ते शिकायला फी कशाला? मीही सोडावं, एकटीनं जाऊन काय करणार, दोघांची फी वाचेल, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगू का ताई, मला कॉलेज आवडतंय. पण हे घरात बोलायची चोरी झाली आहे. सासूबाई काही म्हणत नाहीत, "तुमचं चालू दे" एवढंच.

मी काय करू? (वर्गातली मुलं रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, बोलावताहेत. या वयात जावं का, हेही सांगा.)

बाकावरची दुसरी

---

आधी तो एक मार्क निकालात काढू. माझ्या मते तुमचं घर तिथेच अडलंय.

इंट किती बाइटचा? सरांनी दोन शिकवलं, तुम्ही दोन लिहिलंत, मिस्टरांनी चार लिहिलं. तिघांचंही उत्तर अर्धवट. सी भाषेचं १९८९चं प्रमाण एवढंच सांगतं, की इंटमध्ये निदान उणे ३२७६७ पासून ३२७६७ पर्यंतचे आकडे मावले पाहिजेत. त्याहून जास्त जागा द्यायची की नाही, ते कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, बनवणारा ठरवतो. टर्बो सी हा डॉसच्या, १६ बिटांच्या जमान्यातला, तिथे इंट दोन बाइटचा. तुमच्या घरच्या लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर असेल तर तिथे चार. आणि 'दोन' म्हणजे जुनाट असंही समजू नका. शाळकरी मुलं ज्याच्यावर दिवे लुकलुकवतात त्या आठ बिटांच्या आर्डुइनो उनोवर (आर३) आजही इंट दोनच बाइटचा आहे. बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झालेल्या माणसाला हे आठवायला हवं होतं! प्रश्नात कंपायलरचं नाव नव्हतं, म्हणजे बरोबर उत्तर 'मशीन आणि कंपायलरवर अवलंबून'. असं लिहिलं असतं आणि सरांनी तरी मार्क कापला असता, तर मी मिस्टरांच्या बाजूनं भांडायला आले असते.

माझ्या तोंडी हे शोभत नाही, तेही सांगून टाकते. मी २६ वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलं, त्यातली बरीचशी त्याच निळ्या पडद्यावर. 'इंट दोन बाइट' हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. एका मुलानं पेपरात चार लिहिलं होतं, त्याचा मार्क मीही कापला. तो भांडला नाही. पुढे काही वर्षांनी लॅबमध्ये नवी मशीन आली, माझाच जुना प्रोग्राम त्यावर चालवला, तेव्हा चार छापून आलं. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले होते. त्या मुलाचं नाव आठवत होतं, पत्ता नव्हता.

म्हणून मिस्टरांचा राग मला पुरता कळतो. १६ वर्षं ज्या कामावर घर चाललं, ते काम येतं की नाही हे विचारायला समोर २९ वर्षांचा मुलगा उभा, हातात लाल पेन. पण रागाच्या भरात त्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही. सरांचा 'दोन' जितका सवयीचा, तितकाच त्यांचा 'चार'सुद्धा सवयीचा होता. ज्या मशीनवर रोज बसलो तिथे चार होतं म्हणून चार. ते का, हे १६ वर्षांत कुणी विचारलं नाही, त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही, आणि काम अडलं नाही. आता कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

कागदावर प्रोग्राम लिहायचं म्हणाल, तर मला स्वतःला त्यात एवढं वाईट वाटत नाही. साठ-सत्तर मुलांची परीक्षा एका वेळी घ्यायला तेवढी मशीन नसतात, हे एक साधं कारण. दुसरं असं, की हल्ली एडिटर अर्धी ओळ आपणच पुरी करतो आणि उरलेली एआयचं टूल. कागद काहीच पुरं करून देत नाही. लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीतला, मधलाच नोड काढून टाकायचा असेल, तर कुठला पॉइंटर (पुढच्या नोंदीचा पत्ता) आधी हलवायचा ते डोक्यातच असावं लागतं. मिस्टरांना १७ पडले ते सगळे इंटपायी पडले नसणार. बाकीचे बारा मार्क कुठे गेले, हे त्यांनी उत्तरपत्रिकेत पाहिलं का? माझा अंदाज सांगते, चुकला तर कळवा: कोड लिहायला सांगितला तिथे पूर्ण मार्क असतील आणि 'का ते स्पष्ट करा' म्हटलं तिथे दोन ओळी लिहून पुढे गेले असतील. अनुभवी माणसं असंच लिहितात. वाचणाऱ्याला कळेलच, असं त्यांना वाटतं.

सरांबद्दल एवढंच. कंपायलर सरांनी निवडलेला नसतो. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं, लॅबमधली मशीनं विभाग ठरवतो, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात आणि ते पिढीजात तेच प्रश्न विचारतात. अतिथी विद्वान म्हणजे काय, हे मध्य प्रदेशात राहणाऱ्याला मी काय सांगू. पुढच्या सत्रात आपण असू की नाही, याचीच त्याला खात्री नसते. अशा माणसाला साठ मुलांसमोर तीनदा दुरुस्त करणं सोपं आहे, तो उलटून बोलू शकत नाही. टीम लीड असताना मिस्टरांनी नव्या मुलाच्या चुका भर मीटिंगमध्ये काढल्या असत्या का? नसत्या, बाजूला घेऊन सांगितल्या असत्या. इथेही तसंच करावं. तास संपल्यावर सरांकडे जावं आणि म्हणावं, "सर, लॅबमध्ये दहा मिनिटं मिळतील का? एक गंमत दाखवायची आहे." इंटच्या चलात ३२७६७ ठेवायचे, एक मिळवायचा आणि छापायचं. टर्बो सीवर उणे ३२७६८ येईल, शेजारच्या मशीनवर जीसीसीमध्ये ३२७६८ येईल. मुलं एकदम गप्प होतील आणि मग सगळी एकदम बोलायला लागतील. पुढचं स्पष्टीकरण सरांना करू द्यावं, मिस्टरांनी माउस धरून बसावं. मला वाटतं त्यानंतर वर्गात त्यांची जागा बदललेली असेल. हल्ली पोरं त्यांना रेझ्युमे आणि रेफरल विचारायला येत असतीलच, ती मग प्रश्न घेऊनही येतील.

यूट्यूबचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. सी, पायथन, डेटाबेस, वेब हे सगळं घरबसल्या आणि बऱ्याचदा जास्त चांगलं शिकता येतं. पण घरी आपण काय बघतो? जे थोडंफार येतं, तेच पुन्हा. ऑटोमाटा, गणनक्षमता, डिस्क्रीट मॅथ्स, संभाव्यता यांचे व्हिडिओही फुकटच आहेत, मिस्टरांनी त्यातले किती शेवटपर्यंत पाहिले? ऑटोमाटातल्या पंपिंग लेमाच्या तासाला त्यांचा चेहरा कसा असतो, ते तुम्ही शेजारून पाहिलं असेल. माझा त्यांना एकच सल्ला आहे. ज्या विषयात सरांपेक्षा आपल्याला जास्त येतं, त्या तासाला शांत बसून हजेरीची ७५ टक्के भरावी आणि सगळी शिरजोरी ज्या विषयात आपण कोरे आहोत तिथे करावी. तिसऱ्या सेमिस्टरला ऐच्छिक विषय असतील. सोपा म्हणून क्लाउड किंवा वेब घेऊ नये, तिथे ते पुन्हा सरांच्या चुका मोजत बसतील.

आता तुमच्याबद्दल.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, कॉलेज आवडतंय पण बोलायची चोरी. बाकी सगळं पत्र नवऱ्याबद्दल, हे एकच तुमच्याबद्दल. तुम्हाला काय आवडतं, तेसुद्धा लिहिलेलं नाही. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या गर्दीतून वाट काढत खंडवा रोडला जाणं आवडतं, कँटीनच्या पोह्यांवर जीरावन भुरभुरून पोरींबरोबर गप्पा मारणं आवडतं, की ११ वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधल्यावर आता स्वतःचा कोड स्वतः मोडून बघणं आवडतं? असो, न लिहिण्याचं कारण मला कळतं. नवरा जिथे हरतोय तिथे आपण जिंकतोय, हे बायकांना घरात मोठ्यानं बोलता येत नाही. मग आपणच म्हणायचं, "अगं, नोट्स पाठ केल्या म्हणून मिळाले."

नोट्स पाठ करून ३० पैकी २४ मिळत नाहीत. टेस्टिंगच्या माणसाला एक सवय असते, प्रश्न नीट वाचायची. प्रोग्रामर प्रश्नाची पहिली ओळ वाचून उत्तर लिहायला घेतो. टेस्टर शेवटच्या ओळीपर्यंत जातो, कारण अट तिथेच लपलेली असते. हा तुमचा धंद्यातला गुण आहे, तो परीक्षेत उपयोगी पडला. इंटच्या प्रश्नाला तुम्ही नोट्समधलं उत्तर लिहिलंत, ते सरांना काय हवंय हे ओळखून. त्यात पाप नाही, पण पुढच्या वेळी दोन बाइट लिहून कंसात 'टर्बो सीवर' एवढं जोडा. मार्कही मिळेल आणि उत्तरही खरं होईल.

'एकटीनं जाऊन काय करणार' याला माझ्याकडे एक कोरडं उत्तर आहे: एनरोलमेंट नंबर दोन आहेत. अर्ज दोन भरलेत, परीक्षा दोघांनी वेगवेगळ्या दिल्या. मिस्टरांनी सोडलं तरी तुम्ही चालू ठेवू शकता आणि ठेवावं. ते आधी सांगा, भांडण म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून. "तू काय ते ठरव, मी पुढच्या सेमिस्टरची फी भरतेय." त्यांचा निर्णयही तेवढ्यानं हलका होईल. आत्ता त्यांना वाटतंय, आपण सोडलं तर दोघांचं सुटेल, म्हणजे आपलं एकट्याचं सुटलं असं दिसणार नाही.

आणखी एक, बाक बदला. भांडून नव्हे, सहज. नवरा-बायको एका बाकावर बसले की असाइनमेंट एकसारख्या होतात, सर संशय घेतात, आणि तुमची मेहनत तुमची आहे हे तुम्हालाही सिद्ध करता येत नाही. शिवाय त्यांचे सुस्कारे ऐकत पॉइंटर शिकणं अवघड आहे.

त्यांना खरंच हे कॉलेज सोसवत नसेल आणि फॉर्ममध्ये लिहायला डिग्री हवीच असेल, तर दुसरी वाटही आहे. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीनं २०२२ साली स्पष्ट केलेलं आहे. इग्नूचं एमसीए तर कितीतरी वर्षं चालू आहे. पण सोडण्याआधी विभागाच्या कार्यालयात एकदा विचारा, आपले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झालेत का. पास झालेले विषय पुढे कुठे धरले जातील, ते त्यावर ठरेल. रागात टीसी काढून आणणं फार सोपं असतं, परत भरती व्हायला मात्र वर्ष जातं.

पैशांचं भराभर सांगते. मिस्टरांनी फीच्या हिशोबात करबचतीचा आकडा धरला असेल, तर तपासा. प्राप्तिकरातल्या ज्या वजावटीला सगळे ८०सी म्हणतात तीत मुलांची ट्यूशन फी बसते, स्वतःची किंवा बायकोची बसत नाही. शैक्षणिक कर्ज काढलं असतं तर त्याच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट होती, स्वतःच्या नाहीतर जोडीदाराच्या शिक्षणासाठीही, पण तीही जुन्या करपद्धतीतच. आणि नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेम गेला असणार, त्यात सासूबाईही होत्या का? तो त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते. तिची मुदत निघून गेली असेल तर नवी पॉलिसी घ्या आणि लवकर घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंत्राटाचं एखादं काम गेलं तर चालेल, हे राहून चालणार नाही.

तुमच्या घरकामाच्या शीटबद्दलही एक विचारते. त्यात सासूबाई कुठे आहेत? तुम्ही दोघं वर्गात असता तेव्हा मुलगी शाळेतून येते, तिला कोण वाढतं? संध्याकाळची कणीक कोण मळून ठेवतं? पत्रात दोघांचे पॉइंट आहेत, त्यांचं नावसुद्धा दोनच ओळींत येऊन गेलं. शीट तुम्ही दोघांनी दोघांसाठी केली आणि तिसऱ्या माणसाची कामं त्यात धरलीच नाहीत, म्हणून हिशोब जुळतोय. "तुमचं चालू दे" याचा अर्थ 'मला चालतंय' असा दर वेळी होत नाही. त्यांचं नाव शीटमध्ये घालून त्यांनाही पॉइंट द्या, असं मी सांगत नाही, त्यांना ते अपमानासारखं वाटेल. आठवड्यातले दोन दिवस त्यांना पूर्ण मोकळे द्या. त्या दिवशी मुलीला आणायला मिस्टर जातील, भाजी तुम्ही सकाळी करून ठेवाल. भजनी मंडळाला जावोत, बहिणीकडे जावोत, नुसत्या झोपून राहोत. आणि तुमचा निकाल त्यांना नीट सांगा, आकड्यासकट. सून वर्गात पुढे आली हे ऐकून त्या काय म्हणतात, याची मला फार उत्सुकता आहे. सासवा कधीकधी भलतीकडूनच आपल्या बाजूच्या निघतात.

राहिली गेर. अहो, विचारायचं काय त्यात? राजवाड्यासमोर पिचकाऱ्यांतून गुलाल आभाळात उडतो, तेव्हा ३६ काय आणि २१ काय, सगळे एकाच रंगाचे दिसतात. जुना कुर्ता घाला, केसांना तेल लावा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, चपला नको, पट्ट्याचे सँडल घाला. पोरी गर्दीत हात धरून चालतील, तुम्हीही धरा. मिस्टर येत असतील तर उत्तम, नसतील तर मैत्रिणींबरोबर जा. त्या दिवशी मुलीजवळ कोण थांबणार, ते मात्र आधी सासूबाईंना विचारा, शीटमध्ये परस्पर भरून टाकू नका.